नऊ घरांचा वकील

मुलांनो आणि थोरांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. एका डोंगराळ राज्यात तेव्हा दरी ओलांडायला विमानं होती. गरम धुराने फुगणारा कापडाचा मोठा घुमट, त्याला दोर, आणि दोरांना टांगलेली वेताची होडी. होडीत माणसं बसत आणि सारथी त्यांना पैलतीरी नेई.

एका सकाळी असंच एक विमान दरीत कोसळलं. वारा नव्हता, ढग नव्हते. सारथ्यासह नऊ माणसं गेली.

विमानांच्या कारखान्याचा प्रमुख दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “चूक सारथ्याची.” राजाने ते मान्य केलं. मेलेला सारथी काय बोलणार? प्रत्येक घरी धान्याचं पोतं गेलं, आणि सोबत एक कागद. ‘आमची काही तक्रार नाही,’ असं त्यावर लिहिलं होतं. खाली अंगठा उठवायचा होता.

सारथ्याची बायको गोजरा हिने अंगठा दिला नाही. गावाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या विमानात सावित्राक्काचा एकुलता एक मुलगा गेला होता. गोजरा पाणवठ्यावर आली की सावित्राक्का घागर उचलून निघून जाई.

गोजरा अंबादास वकिलांकडे गेली. ते म्हातारे होते, गुडघे दुखत होते.

“माझ्या नवऱ्याची बाजू मांडाल?” तिने विचारलं.

“आधी काय घडलं ते पाहू,” ते म्हणाले. “त्याची चूक निघाली, तर तीही मी दरबारात सांगेन. चालेल?”

गोजराने अंगठा न दिलेला तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, “चालेल. पण खरं कळू दे.”

वकील उरलेल्या आठही घरी गेले. “अंगठा चार दिवस थांबवा,” एवढंच त्यांनी मागितलं. मग काठी टेकत ते दरीत उतरले. तिथल्या धनगरांनी विमानाचे तुकडे घरी नेले होते. कापड छपरावर पसरलं होतं, दोरांना शेळ्या बांधल्या होत्या. वकिलांनी दारोदार जाऊन एकेक तुकडा मागून आणला आणि माळावर जिथल्या तिथे मांडला. आठ घरची माणसं लांबून बघत होती. हळूहळू तीही हात लावू लागली.

तुटलेला एक दोर सावित्राक्काच्या हाती आला. तिने आयुष्यभर दोर वळले होते. तिने पीळ उलगडला. वरचा वाखाचा धागा नवा, पांढरा होता. आतला काळा पडला होता आणि चिमटीत त्याचा भुगा झाला.

“कुजक्या दोरावर नवा वाख गुंडाळलाय,” ती म्हणाली. मग ती गोजराजवळ जाऊन बसली. “तुझ्याशी मी वाईट वागले गं.”

गोजराने मान हलवली. दोघींनी मिळून तो दोर वकिलांकडे नेला.

दरबारात वकील म्हणाले, “महाराज, मी नऊही घरांतर्फे उभा आहे. पडलेल्या विमानाचा दोर आतून कुजलेला होता. नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. उरलेल्या तीन विमानांचे दोर इथेच उलगडा.”

दोर उलगडले. दोन विमानांचे आतून काळे निघाले. त्याच दुपारी ती उडणार होती.

प्रमुखाने मान खाली घातली. “उत्सवापूर्वी विमानं हवीत, असा हुकूम होता. नवे दोर वळायला वेळ नव्हता. हे मी सांगायला हवं होतं. भ्यालो.”

“हुकूम माझा होता,” राजा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. “गोजराबाई, तुम्हाला काय हवं?”

“माणूस परत येत नाही, हे मला कळतं. पण माझ्या लेकीला लोक दोषीची पोर म्हणतात. ते थांबवा. आणि ते दोर बदला.”

राजाने सारथी निर्दोष असल्याची दवंडी पिटवली, नऊही घरांच्या पोटापाण्याची जबाबदारी घेतली आणि प्रमुखाला पदावरून काढलं. नियमही केला: विमान पडलं, तर तपास कारखान्याबाहेरचा माणूस करील, आणि ज्यांची माणसं गेली त्यांचा वकील पहिल्या दिवसापासून सोबत असेल.

दोर पारखायचं काम सावित्राक्काने मागून घेतलं. पुढच्या वसंतात विमानं पुन्हा उडाली. पहिल्या खेपेला गोजरा लेकीला घेऊन होडीत बसली.

तात्पर्य: दोष कुणाच्या माथी मारून अपघात टळत नाहीत, दुःखितांच्या बाजूने उभं राहून खरं कारण शोधलं, तरच ते टळतात.