नवसाची उतरंड

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी उत्पलनगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वाटाड्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव गिरिदत्त. बर्फाच्या डोंगरांत, उंच खिंडीच्या पलीकडे पद्मसरोवर नावाचे तीर्थ होते, आणि दर वर्षी तिथे जाणाऱ्या यात्रेकरूंना वाट दाखवण्याचे काम त्याच्याकडे असे.

देवदारांचे रान संपले की फुलांनी भरलेली कुरणे लागत आणि त्यानंतर नुसते दगड आणि बर्फ. तिथे वाट अशी दिसतच नसे. म्हणून गिरिदत्ताच्या आज्याने चाळीस-चाळीस पावलांवर तीन दगडांच्या उतरंडी रचून ठेवल्या होत्या: खाली मोठा दगड, त्यावर मधला, त्यावर लहान. धुके उतरले की एका उतरंडीपाशी उभे राहून पुढची शोधायची आणि तिकडे चालायचे. कित्येकांचे जीव या दगडांनी राखले होते.

त्या वर्षीच्या संघात भद्रिका नावाची एक विणकरीण होती. काळजी करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिचा नवरा वत्सक आदल्या वर्षी तापातून जेमतेम उठला होता, आणि त्याचाच नवस फेडायला दोघे निघाले होते. बायकोने नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे भद्रिकेला तिच्या आईने सांगितले होते. अठरा वर्षांच्या संसारात तिने ते नाव एकदाही उच्चारले नव्हते. बाजारात वत्सक नजरेआड झाला तर ती "अहो, अहो" करत हिंडे आणि निम्मा बाजार वळून बघे.

खिंड ओलांडायच्या दिवशी संघातली तीन म्हातारी माणसे सकाळीच थकली. वत्सक स्वभावाने मऊ. तो म्हणाला, "तुम्ही सगळे व्हा पुढे. मी यांना घेऊन सावकाश येतो."

गिरिदत्ताने वत्सकाला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितले, "तीन दगड दिसतील तिकडेच चाला. धुकं आलं आणि माझी हाक ऐकू आली, तर 'आलो' म्हणा आणि आवाजाच्या रोखानं या. मी खिंडीखाली थांबतो."

संघ पुढे निघाला. गिरिदत्त सर्वांच्या पुढे बर्फात काठीने पायऱ्या खोदत होता. भद्रिका सर्वांच्या मागे होती, कारण दर दहा पावलांवर ती वळून बघत होती. अर्ध्या वाटेवर उजव्या हाताला बर्फाचे एक सपाट, स्वच्छ मैदान लागले. तिथून सरोवरावरचे शिखर दिसत होते. भद्रिकेने वाटेवर पाहिलेले दगड तिच्या मनात होतेच. यात्रेकरूंनी नवसासाठी रचले असणार, असेच तिला वाटले होते. ती त्या मैदानाकडे वळली, तिने तीन दगड निवडले, एकावर एक रचले आणि डोळे मिटून म्हणाली, "देवा, यांना सुखरूप आण."

ते पाहून इतर बायका कशा मागे राहतील? एकीने लेकीसाठी रचली, दुसरीने सुनेला मूल व्हावे म्हणून, आणि प्रत्येकीने मागचीपेक्षा चार पावले पुढे, शिखराच्या जरा जवळ. पाहता पाहता आठ-नऊ उतरंडींची रांग लागली. मग वरून गिरिदत्ताची हाक आली तशी सगळ्या लगबगीने वाटेला लागल्या.

दुपारी संघ खिंडीखालच्या कपारीत टेकला आणि धुके उतरू लागले. आधी खालचे दगड गेले, मग समोरचा कडा. भद्रिका गिरिदत्तापाशी जाऊन बसली आणि स्वतःलाच धीर द्यावा तशी म्हणाली, "दादा, येतील ना हो आमचे हे? मी नवस बोललेय. खाली उतरंडसुद्धा रचून आलेय."

गिरिदत्ताने वर पाहिले. "कुठं रचली, ताई?"

"ते उजव्या हाताचं मैदान नाही का, शिखर दिसतं तिथं. आम्ही सगळ्यांनीच रचल्या. छान रांग झालीय."

गिरिदत्ताचा चेहरा उतरला. "ते मैदान नव्हे, ताई. तो बर्फाचा सज्जा आहे. खाली पोकळ आहे. टोकाला माणसाचं वजन पेलत नाही, आणि त्याखाली दरी आहे. आणि तीन दगड दिसतील तिकडेच चाला, असं मी त्यांना सांगितलंय."

भद्रिकेला आधी ते कळलेच नाही. मग एकदम कळले. वत्सक तर सांगितलेले ऐकणारा माणूस होता.

गिरिदत्त त्या उतरंडी पाडायला उठला तसा संघाचा प्रमुख श्रेष्ठी महीधर आडवा आला. उद्या पौर्णिमेच्या सूर्योदयाला सरोवरात स्नान घडले पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. तसे घडले तर गिरिदत्ताला राजाचा मार्गपाल नेमवून घेण्याचे त्याने कबूल केले होते. तो म्हणाला, "आत्ता मागे गेलास तर मुहूर्त हुकला. आणि नवसाच्या उतरंडी पाडणार? त्याचं पाप सगळ्या संघाला लागेल."

गिरिदत्त शांतपणे म्हणाला, "श्रेष्ठी, चूक माझी आहे. मी लोकांना खूण दाखवली, ती खूण कशासाठी आहे हे सांगितलं नाही. तुम्ही कपारीतून हलू नका. मुहूर्त गेला तर जाऊ दे."

तो उतरू लागला. भद्रिका त्याच्या मागे निघाली, आणि तिला थांबवायला कोणाला सवडच मिळाली नाही. खरे सांगायचे तर ती वत्सकासाठी निघाली होती तशीच त्या दगडांसाठीही निघाली होती. नवस मोडला आणि वत्सकाचे काही बरेवाईट झाले तर? आणि नाही मोडला तर? दोन्हीकडून तिच्या जिवाला घोर लागला होता. वाटाड्याच्या पाठीवरची तांबडी घोंगडी तेवढी दिसत होती, आणि तिच्यावरून नजर न काढता ती घसरत, पडत उतरली.

रांगेतली पहिली उतरंड तिचीच होती. गिरिदत्ताने काठी उगारली तशी तिने त्याचा हात धरला. "नको हो, दादा! त्यांच्या जिवासाठी रचलीय."

"ताई, त्यांच्या जिवासाठीच पाडायची आहे."

भद्रिकेने दगडांकडे पाहिले. मग काठीची वाट न पाहता तिने स्वतःच लाथ घातली. वरचा दगड गडगडत गेला, आणि तो थांबला तिथे बर्फात तिला पावले दिसली. ताजी. चार माणसांची. ती रांगेच्या कडेकडेने धुक्यात गेली होती.

गिरिदत्ताने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "थांबा!"

कड्यांनी अर्धा शब्द गिळला आणि नुसते "बा, बा" सगळीकडून परत आले. धुक्यातून, बऱ्याच पुढून, वत्सकाचा आनंदी आवाज आला, "आलो, आलो!" आणि बर्फावर पावले करकरली. हाक आली की आवाजाच्या रोखाने यायचे, हेही त्याला सांगितलेलेच होते. पण आवाज त्याला समोरच्या कड्यावरून येत होता.

गिरिदत्ताने ओठ घट्ट मिटले. आता ओरडणे म्हणजे त्याला पुढे बोलावणे होते. धावत जाणेही शक्य नव्हते; आणखी एका माणसाच्या वजनाने सगळा सज्जाच खाली गेला असता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या आवाजावर ते चालणारच. ते जागच्या जागी थबकतील असं काही तुमच्याकडे आहे?"

भद्रिका जीव खाऊन ओरडली, "अहो!"

"ओ! आलो, आलो गं!" वत्सकाने ओ दिली, त्याच्याबरोबरच्या म्हाताऱ्यानेही दिली, आणि पावले पुन्हा करकरली. बर्फाखाली कुठेतरी काहीतरी तडकल्याचा आवाज झाला.

भद्रिकेकडे एकच गोष्ट होती. अठरा वर्षे तिने ती त्याच्या आयुष्यासाठी दाताखाली धरून ठेवली होती. आई म्हणाली होती ते खरे असेल तर? तिने डोळे मिटले, उतरंड रचताना मिटले होते तसेच, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी किंचाळली,

"वत्सका!"

कडे म्हणाले, वत्सका, वत्सका. पावलांचा आवाज बंद पडला.

मग धुक्यातून अगदी घाबरलेला आवाज आला, "अगं, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं! हलू नका! आल्या पावलांनी मागं या, एकेक जण!" भद्रिका एकेक शब्द सुटा करून ओरडली, आणि जागी थांबलेल्यांना तो नीट ऐकू गेला.

आधी म्हातारा आला, मग दोघी म्हाताऱ्या, एकमेकींचे पदर धरून. सर्वांत शेवटी वत्सक आला. त्याचा पाय पक्क्या दगडावर टेकला, आणि त्याच्यामागे सज्ज्याचे टोक, शेवटच्या दोन उतरंडींसकट, फारसा आवाज न करता खाली गेले. धुके क्षणभर फाटले तेव्हा तिथे नुसती दरी होती.

वत्सक बायकोकडे बघून म्हणाला, "माझं आयुष्य कमी केलंस की गं."

"केलं तर केलं," भद्रिका म्हणाली, आणि हुंदके देत तिने त्याला दोन धपाटे घातले.

गिरिदत्ताने उरलेल्या उतरंडी एकेक करून पाडल्या. संघाचे पौर्णिमेचे स्नान हुकले. श्रेष्ठीने राजाकडे त्याचे नाव काढले नाही, आणि तो जन्मभर साधा वाटाड्याच राहिला. मात्र त्या वर्षापासून देवदारांच्या रानात शिरण्याआधीच तो यात्रेकरूंना बसवून कोणता दगड कशासाठी आहे ते सांगू लागला. वत्सक ऐंशी वर्षे जगला, आणि भद्रिका त्याला दिवसातून दहादा नावाने हाक मारी.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती उपासिका शीलवतीला. तिने आजारी नवऱ्यासाठी विहाराच्या पायऱ्यांवर तुपाचे दिवे ओळीने लावले होते, आणि सांडलेल्या तुपावरून एक वृद्ध भिक्षू घसरला होता. ती खाली मान घालून बसली होती. शास्ते म्हणाले, "त्या वेळची भद्रिका म्हणजे तू. श्रेष्ठी म्हणजे घाईने सर्वांच्या पुढे जेवायला बसणारा भिक्षू उपनाग. वत्सक म्हणजे तुझा नवरा. या जन्मीही तोच तुझ्या वाट्याला आला आहे. आणि वाटाड्या गिरिदत्त म्हणजे मी. आपण भक्तीने ठेवलेली वस्तू मागून येणाऱ्याला कुठे नेईल हे पाहणे, आणि ती चुकीची असेल तर आपल्याच हाताने काढणे, याला अप्रमाद म्हणतात."

शीलवती उठली आणि पायऱ्या पुसायला गेली.