वरच्या वाफ्यातली काकडी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. मठाच्या पायरीवर चपला घालतानाच वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं. पण गावात माझ्या ताईला बाहेरचं लागलंय असं बोलतात, आणि ते खोटं आहे.

"...आणि हा राग हिला कधीपासून येतो?" मठाचे मोतीगीर बुवा ताईकडे बघत विचारत होते.

अण्णा म्हणाले, बारावीचा निकाल लागल्यापासून. शेतकी कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरू दिला नाही, एवढंच झालं. शेवटची तारीख येत्या शुक्रवारची. तेव्हापासून पोरगी सरळ बोलत नाही. परवा बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का? तर ही म्हणाली, येतो, तुमच्या मुलाला येतो का?

बुवा हसले. अण्णा हसले नाहीत.

"अंगारा द्या बुवा. हिचा राग निघाला पाहिजे."

अण्णांना मातीतलं सगळं बुवांनीच शिकवलेलं, लहानपणी, याच मठाच्या वाफ्यांत. आता तालुक्याच्या बाजारात अण्णांच्या भाजीला नाव आहे. मठात आले की ते जमिनीवर बसत नाहीत, खुर्ची मागवतात.

बुवांनी मला वरच्या वाफ्यातली एक काकडी तोडून आणायला सांगितली. तिथल्या वेलांची पानं खाली लोंबत होती. काकडी मी अण्णांना दिली.

अण्णांनी एक घास खाल्ला आणि बाजूला थुंकला.

"कडू आहे."

"मग कडूपणा काढ."

अण्णांनी टोक कापलं आणि कापल्या जागी घासलं. पांढरा फेस आला. चाखून पाहिली. कडूच. पुन्हा कापली, पुन्हा घासली, या वेळी दात आवळून. बुवा बघत बसले. काकडी बोटाएवढी उरली, तरी कडूच.

"बी खराब आहे," अण्णा म्हणाले.

बुवांनी टोपलीतून खालच्या वाफ्यातली काकडी काढून दिली. म्हणाले, दोन्हींचं बी एकाच फळातलं. ती गोड होती.

"मग वरच्या वेलांना दोन-तीन पाळ्या पाणी मिळालं नसेल..."

अण्णा मध्येच थांबले. वरच्या वाफ्याचा पाट महिन्यापूर्वी त्यांनीच आपल्या टोमॅटोकडे वळवला होता. मठाला इतकं पाणी कशाला, असं घरी जेवताना म्हणालेही होते.



बोलली ती ताई. परवानंतर पहिल्यांदाच.

"मुळांना माती कोरडी लागली की ती पानांना निरोप धाडतात. अब्सिसिक आम्ल म्हणतात त्याला. निरोप पोचला की पान आपली छिद्रं मिटून घेतं. वाढ थांबते. फळात कडूपणा उतरतो. वेलाला उठून दुसऱ्या वाफ्यात जाता येत नाही, अण्णा. म्हणून."

आवाज चढला नव्हता. ओढणीचं टोक मात्र तिनं मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

अण्णा बुवांकडे वळले. "बघितलंत? हे असं बोलते. हेच काढायचंय."

बुवांनी अंगाऱ्याची वाटी जमिनीवरून खरकन ओढली. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. कपाळाची शीर फुगली होती. त्यांनी चिमूट भरली. अण्णांनी ताईला खांद्याला धरून पुढे ढकललं.

"तिला सोड," बुवा म्हणाले. "ज्या हातानं पाणी वळवलंस, तो पुढे कर. अंगारा त्याला लावायचाय."

अण्णांनी हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, घट्ट. बुवांची चिमूट हवेत तशीच. कुणीच हलेना. शेवटी मीच धीर केला. मी म्हणाले, अण्णा, शुक्रवारला आता दोनच दिवस...

"धाकटे," बुवांनी मला हाक मारली. "तू तोवर नदीवरून कळशी भरून आण, वरच्या वाफ्याला घालायला. याला वेळ लागेल."