ओढ्याकाठची दहा पावलं

दर पावसाळ्यात भगवंतराव इनामदारांच्या शेतातली माती ओढ्यातून वाहत येई आणि खालच्या अंगाला हौसाच्या विहिरीत जाऊन बसे. यंदा तर विहीर बुजायलाच आली. हौसा तडक महाराजांपुढे उभी राहिली.

महाराजांना नवल वाटलं. माती अडावी म्हणून त्यांनीच हुकूम काढला होता : जो जमीनवाला ओढ्याकाठची दहा पावलं न नांगरता गवताला सोडील, त्याला दरसाल सरकारी कोठारातून वीस पोती धान्य. इनामदार गेली दहा वर्षं ती पोती घरी नेत होते.

"दर श्रावणात मी स्वतः पाहणी करतो. आजही तिथं गुडघाभर गवत आहे," महाराज म्हणाले.

"श्रावणात गवत कुठं नसतं, महाराज? तुमची पाठ फिरली की इनामदार नांगर घालून शाळू पेरत्यात. पार पाण्यापत्तर."

"साफ खोटं! गावाला विचारा," इनामदार गरजले.

गाव माना खाली घालून उभं. इनामदारांशी वाकडं घेणार कोण?

महाराज मोठे हट्टी. आपली पाहणी चुकली हे काही त्यांच्या गळी उतरेना. "पोरी, इनामदारांच्याच घरचं खाणारा साक्षीदार आण. त्यांच्या देखत त्याने खरं दाखवावं. उद्या दुपारपर्यंत नाही आणलास, तर पुन्हा विहिरीचं नाव काढायचं नाही."

इनामदार मिशीत हसले. घरी जाऊन त्यांनी बायकोपासून गड्यापर्यंत सगळ्यांना दम भरला. गोठ्यात मात्र ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेतावर हौसा आली ती एकटीच.

"साक्षीदार कुठं आहे?" महाराजांनी विचारलं.

"दोघं हायती. त्ये बघा, गुल्या आन् मोऱ्या. इनामदारांची वैरण खात्यात, मीठबी चाटत्यात."

"बैल? ते काय बोलणार?"

"बोलायचे न्हाईत, चालायचे. नांगर जुपा आन् वरनं ओढ्याकडं सोडा. पर साक्षीदाराला कुणी पढवायचं न्हाई. हाक द्यायची न्हाई, कासरा वढायचा न्हाई."

महाराजांनी मान डोलावली. बैल निघाले. गवताची कड जवळ आली तसे इनामदार खोकले, मग मोठ्याने खोकले. बैलांनी कानही हलवला नाही. ते गवतात शिरले, दहाच्या दहा पावलं तुडवत थेट पाण्याशी गेले आणि तिथे आपणहून डावीकडे वळून नांगराच्या पुढच्या तासाला लागले. रोजच्या कामाचं वळण ते!

इनामदार लगबगीने पुढे झाले. "महाराज, तहानलेली मुकी जनावरं. पाण्याकडे ओढ घेतली, दुसरं काय?"

"मग प्यायले का न्हाईत?" हौसाने विचारलं.

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "भगवंतराव, तुमच्या घरात खरं वागणारे दोघंच, आणि दोघांनाही शेपूट!"

इनामदारांनी दहा वर्षांचं धान्य परत करावं आणि हौसाची विहीर स्वतः उतरून उपसावी, असा हुकूम झाला. आणि मुलखातल्या सगळ्या ओढ्यांची पाहणी यापुढे महाराजांऐवजी हौसा करणार होती.

ही खबर वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या बाजारी मुलखातल्या निम्म्या जमीनदारांनी आपापले बैल विकायला आणले.