बेडूकबुवांचं गाणं आणि मुंगीचा गूळ

काना-मात्रा चुकला असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. मोठे शब्द मुंगीला उचलवत नाहीत.

एक होती मुंगी. तिचं नाव टिंगी. तिला सापडला गुळाचा खडा. घरी धाकटी बहीण उपाशी होती. टिंगी खडा ओढत निघाली. तुरू तुरू तुरू.

तळ्याकाठी गाणं चाललं होतं. डराव डराव. ऐकायला म्हैस आली. थप्पकन पाय ठेवला. गूळ गेला पायाखाली!

"म्हैसकाकू, म्हैसकाकू, पाय उचल ना. पायाखाली माझा गूळ."

म्हैस मुळूमुळू रडत होती. "गाणं किती दुःखाचं! शेळी उठली की मी पाय उचलीन. आधी उचलला तर म्हणतील, हिला गाण्यातलं कळत नाही."

टिंगी गेली शेळीकडे. तुरू तुरू तुरू.

"शेळीताई, शेळीताई, ऊठ ना.
शेळी उठेना,
म्हैस पाय उचलेना,
पायाखाली माझा गूळ."

शेळीचे खूर बसल्या बसल्या थुईथुई करत होते. "गाणं किती मजेचं! मनीने डोळे उघडले की मी उठीन. आधी उठले तर म्हणतील, हिला गाण्यातलं कळत नाही."

टिंगी गेली मांजरीकडे. तुरू तुरू तुरू.

"मनीमावशी, मनीमावशी, डोळे उघड ना.
मनी डोळे उघडेना,
शेळी उठेना,
म्हैस पाय उचलेना,
पायाखाली माझा गूळ."

मनी घुर्र घुर्र करत होती. "गाणं किती झोपेचं! गाढवाची मान थांबली की मी डोळे उघडीन. आधी उघडले तर म्हणतील, हिला गाण्यातलं कळत नाही."

टिंगी गेली गाढवाकडे. तुरू तुरू तुरू.

"गाढवदादा, गाढवदादा, मान थांबव ना.
गाढव मान थांबवेना,
मनी डोळे उघडेना,
शेळी उठेना,
म्हैस पाय उचलेना,
पायाखाली माझा गूळ."

गाढव अगदी पुढे बसलं होतं. मान हलवत होतं. डुल डुल डुल. ते हळूच म्हणालं, "गाणं ऐकून मला नुसती भूक लागते गं. पण पुढे बसलोय ना. बुवा थांबले की मी मान थांबवीन."

टिंगी गेली बेडूकबुवांकडे. बुवा मडक्यापाशी बसले होते. डराव डराव.

"बेडूकबुवा, बेडूकबुवा, थांबा ना.
बुवा थांबेनात,
गाढव मान थांबवेना,
मनी डोळे उघडेना,
शेळी उठेना,
म्हैस पाय उचलेना,
पायाखाली माझा गूळ."

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाळ, मी गात नाहीये. माझा पाय मडक्याखाली अडकलाय. सकाळपासून ओरडतोय. जो येतो, तो खाली बसतो."

टिंगीने पाहिलं. खरंच की. तिने माती उकरली. खर खर खर. अजून उकरली. खर खर खर. बुवांनी पाय ओढला.

डर्राऽऽव!

"वाहवा," गाढव म्हणालं. "ही तान तर कळसच."

पाय सुटला. बुवा थांबले.
बुवा थांबले, गाढवाने मान थांबवली.
गाढवाने मान थांबवली, मनीने डोळे उघडले.
मनीने डोळे उघडले, शेळी उठली. टुणकन.
शेळी उठली, म्हशीने पाय उचलला.
पायाखाली टिंगीचा गूळ! चपटा झाला होता. पण गोड तसाच होता.

टिंगी गूळ घेऊन घरी गेली. बहिणीने खाल्ला. मिटक्या मारत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी पाय धुतले. मडक्यावर चढून बसले. आणि आता खरंच गायला लागले. डराव डराव.

म्हैस आली. तिला रडू येईना. शेळीचे खूर थुईथुई करेनात. मनीला झोप येईना. गाढव म्हणालं, "कालची मजा नाही." सगळे उठून गेले.

राहिल्या दोघी. टिंगी आणि तिची बहीण.

बुवांनी लाजत विचारलं, "गाणं कसं वाटलं गं?"

धाकटी म्हणाली, "गोड."

तिच्या तोंडात अजून गूळ होता. पण बुवा खुलले. मडक्यावर नीट सरकून बसले, गाल फुगवले आणि पुन्हा गायला लागले.

डराव डराव. डराव डराव.