लुकलुकणारं नाव

"मग उस्ताद, किल्ली कधी देताय?"

वैजनाथनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नव्हते. मोतीबिंदू काढून नववा दिवस. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दुकानात पाऊल टाकतात न टाकतात तोच हा प्रश्न.

किल्ली दुकानाची नव्हे. दुकान काय, बार्शीच्या जुन्या स्टँडमागचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं. त्याच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं एक व्हिडिओ गेमचं मशीन उभं होतं, त्याच्या पाठच्या दाराची ही किल्ली. ती उस्तादांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असायची.

एके काळी अशी सहा मशीनं होती. शाळा बुडवून पोरं रुपया रुपया टाकायची. वैजनाथही त्यातलाच एक, खेळता खेळता पेचकस धरायला शिकला तो. पाच मशीनं भंगारात गेली. हे एक राहिलं, ते इम्तियाजमुळं.

इम्तियाज उस्तादांचा एकुलता मुलगा. एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्याच्या महिनाभर आधी त्यानं विमानाच्या खेळात चौऱ्याण्णव हजार तीनशे पॉइंट केले होते, आणि मशीननं नाव विचारल्यावर तीन अक्षरं घातली होती. आय, एम, टी.

चौदा वर्षं ते नाव पहिल्या दहा खेळाडूंच्या यादीच्या शेंड्यावर लुकलुकत होतं. उस्ताद सकाळी दुकान उघडून आधी मशीन लावायचे. यादी येऊन गेली की मग चहा. स्वतः मात्र कधी खेळले नाहीत.

यादी धरून ठेवायला आत एक बारका सेल असतो. दर तीन वर्षांनी तो बदलायचा, आणि त्याची एक रीत होती. नवा सेल जोडल्याशिवाय जुना सोडवायचा नाही. हे काम उस्तादांनी कधी कुणाला करू दिलं नाही. यंदा डोळ्यांनी दगा दिला, म्हणून एका दुपारपुरती किल्ली वैजनाथच्या हातात ठेवली. रीत तेवढी पाळ, एवढंच म्हणाले.

आणि या बहाद्दरानं नेमकी तीच पाळली नाही.

वैजनाथ हुशार, यात वाद नाही. मेलेला मिक्सर त्याच्या हातात बोलायला लागायचा. तेच नडलं त्याला. खेळ चिपमध्ये असतो हे त्याला माहीत होतं, मग सेलचं एवढं काय स्तोम, म्हाताऱ्याचं सोवळं नुसतं, असं वाटलं. त्यानं जुना सेल आधी उपटला, जागा घासून लख्ख केली, सावकाश नवा बसवला. मशीन लावलं, यादी आली, पण शेंड्यावरचं नाव पुसलं गेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

पडद्याची वायर आतून काढून ठेवली, दाराला कुलूप घातलं, किल्ली परत केली. दवाखान्यात जाऊन सांगितलं, सेल बदलला, पण पिक्चर ट्यूब गेली.

पुढचे आठ दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडं होतं. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून त्यानं एक जुनाट कॉम्प्युटर उचलून आणला. त्यावर एम्युलेटर चढवला, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम. कॉम्प्युटरचा जीव एवढासा, विमान गोगलगायीसारखं सरकायचं. वैजनाथनं त्यातलं नको ते सगळं काढून टाकलं, आवाज अर्ध्यावर आणला, तरी भागेना. शेवटी पडद्यावर भराभर येणाऱ्या चित्रांतलं दर दुसरं गाळायला लावलं, तेव्हा कुठं विमान धावायला लागलं.

मग यादीत स्वतःच्या हातानं तीन अक्षरं भरली. आकडा पाठच होता.

आता उस्तादांपुढं तो रंगवून सांगत होता. ट्यूब कुठं मिळत नाही, पण नशीब, त्या दुपारीच मशीनमधलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. या डबड्यावर खेळ चालतो हे सोलापुरातसुद्धा कुणी खरं मानणार नाही, हेही सांगून झालं. किल्ली मिळाली की त्याच्या दोन्ही गोष्टी साधणार होत्या. लोक त्याला उस्तादांचा वारस म्हणणार होते, आणि ते पाठचं दार पुन्हा कुणी उघडणार नव्हतं.

"दाखव," उस्ताद म्हणाले.

यादी आली. उस्तादांनी काळा चष्मा काढला, खुर्ची पुढं ओढली. नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले.



"हे लुकलुकत नाही."

वैजनाथनं समजावून सांगितलं. मशीनवर एका चित्रात नाव असतं, पुढच्यात नसतं, म्हणून ते लुकलुकतं. इथं नाव नसलेलं चित्र तेवढं गाळलं जातं.

"उलट बरंच ना, उस्ताद? सतत दिसतंय."

"गाळलेलं कुठं जातं?"

"कुठं नाही. ते काढलंच जात नाही."

"आणि बघणाऱ्याला?"

"कळत नाही. कुणालाच कळत नाही."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. उस्ताद त्याच्याकडे बघत होते, नव्या, पाणावलेल्या डोळ्यांनी.

ते उठले. गळ्यातला दोरा काढला आणि भिंत धरून मशीनच्या मागं गेले. वैजनाथ आडवा झाला, ट्यूब गेलीय, शॉक बसेल म्हणाला. त्यांनी त्याला हातानंच बाजूला केलं. दार उघडून आत हात घातला. वायर चाचपायला त्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. लोंबती वायर सापडली, जागेवर बसली. त्यांनी मशीन लावलं.

ट्यूब तापायला वेळ लागतो. दोघं पडद्यासमोर उभे राहिले. शेजारच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते…

यादी आली. वरपासून खालपर्यंत एकच नाव, कारखान्यातून मशीन येताना असतं ते. ए, ए, ए. दहा वेळा. शेंड्यावरचं तेवढं लुकलुकत होतं, अगदी पूर्वीसारखं.

शेजारी कॉम्प्युटरवर आय, एम, टी. ते हलत नव्हतं.

वैजनाथ खाली बसला. मग सगळं सांगून टाकलं त्यानं, सेल कसा उपटला, वायर का काढली, अक्षरं कुणी भरली. आपली आपल्यालाच किळस आली त्याला. इम्तियाजच्या खांद्यावरून डोकावून तो खेळ शिकला होता, आणि आज त्याच्याच नावाचं सोंग त्याच्या बापापुढं मांडून बसला होता.

उस्ताद ऐकत होते की नव्हते, कळेना. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"उस्ताद… शिव्या तरी द्या."

उस्तादांनी मशीन बंद केलं. मागं जाऊन दार लोटलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. दरवेळी पाहायचे तसंच. मग वैजनाथसमोर येऊन वाकले, त्याचा हात धरला, दोऱ्यासकट किल्ली तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट मिटवून त्याची मूठ वळली.

"घे," ते म्हणाले. "आता तुझ्या हातून बिघडण्यासारखं काही राहिलं नाही."