परकराची पगडी

नदीकाठच्या एका गावात पगडबंदांची आळी होती. आळी कसली, एकच दुकान उरलं होतं. त्यात सखोबा आणि त्याची चिमुकली वेणू राहायची. वेणूला आई नव्हती. घरात पसाभर तांदूळ असले तर बापलेक पेज करून प्यायचे, नसले तर लवकर झोपायचे.

सखोबा बांधायचा त्या पेशवाई थाटाच्या पगड्या. लाल, केशरी, मोरपंखी, झगमग जरीच्या काठाच्या. असली पगडी घालून हल्ली बाजारात कोण जातं? पण नाटकातल्या सरदाराला लागते, हौशी नवरदेवाला लागते. गिऱ्हाईक आलं की सखोबा त्याच्या डोक्याभोवती दोरा फिरवी, गाठ मारी, आणि त्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर ओलं कापड पीळ देत देत बसवी. एकाची पगडी दुसऱ्याला होत नसे. मापाचे दोरे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले असत.

त्या वर्षी सखोबाची बोटं आखडली. लेप झाले, शेक झाले, बोटं काही वाकेनात. साध्या पगड्या वेणू बांधू लागली, पण नाटकमंडळीच्या भाऊसाहेबांनी पाठवलेलं जांभळं रेशीम तिच्या हाताला दाद देईना. सुळकन निसटायचं.

"रेशीम परत करू," सखोबा म्हणाला, "आणि दिवाळी झाली की दुकानाला कुलूप लावू. माझ्या हातात आता काही राहिलं नाही, पोरी."

वेणूला रडू आलं. बापापुढे रडायचं नाही म्हणून ती फुलं तोडायचं निमित्त करून परसात गेली.

परसात शेवंती फुलली होती. पिवळी, पांढरी, तांबूस. पाकळीपाकळीवर दवाचे इवले इवले थेंब लुकलुकत होते. आणि एका पिवळ्या फुलावर बोटभर उंचीची परी पाय सोडून बसली होती. पंख चांदीच्या वर्खाचे, झगा गुलाबी, डोकं मात्र बोडकं.

"पगडबंदांचं घर हेच ना?" परीने विचारलं. "माझी टोपी वाऱ्याने नेली. जिथे जाते तिथे म्हणतात, एवढ्याशा डोक्याचं माप कोण घेत बसणार."

"मी घेते की. हलू नका हं," वेणू म्हणाली.

तिने कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा घेऊन माप काढलं. ठोकळा म्हणून रिठ्याची बी घेतली, घरातली केशरी चिंधी भिजवली आणि नखाएवढी पगडी बांधली. परीने दवाच्या थेंबात स्वतःला न्याहाळलं. या बाजूने, त्या बाजूने. "डावीकडे किंचित घट्ट होतेय," ती म्हणाली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, परी झाली म्हणून काय झालं? वेणूने पगडी सैल करून दिली.

"आता तुझी एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम आहेत. जिच्या किंवा ज्याच्या डोक्याला तू स्वतः पगडी बांधलीस, त्याच्यासाठीच मागायचं. आणि या फुलावरचं दव सुकायच्या आत मागायचं."

वेणूचं तोंड एवढंसं झालं. तिने नवरदेवांना पगड्या बांधल्या होत्या, गवयाला बांधली होती. पण बाबांना? पगडबंदाने स्वतःसाठी पगडी बांधायची नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. सखोबाचं डोकं जन्मभर उघडंच.

"मग बांध आता," परी म्हणाली. "घरात जांभळं रेशीम आहे की."

"ते दुसऱ्याच्या डोक्याचं आहे," वेणू म्हणाली आणि घरात पळाली.

पेटीत तिचा दिवाळीचा परकर होता. कुसुंबी रंगाचा, कोरा करकरीत, एकदाही न घातलेला. तिने तो टर्रकन फाडला. वाईट वाटलं. खूप वाटलं. पण ऊन कौलांवर आलं होतं.

"बाबा, डोकं द्या जरा."

"हे काय आरंभलंस? पगडबंदाने स्वतःसाठी पगडी बांधायची नसते, ठाऊक आहे ना?"

"स्वतःसाठी नसते. मी कुठे माझ्यासाठी बांधतेय?"

इतक्या पिढ्या गेल्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वेणूने माप घेऊन गाठ मारली. ठोकळा शोधायला वेळ नव्हता, म्हणून ओलं कापड थेट बाबांच्याच डोक्यावर पिळून बसवलं. पाणी सखोबाच्या नाकावरून ओघळत होतं. शेवटचं टोक आत खोचून वेणू परसात धावली.

फुलावर दवाचा एकच थेंब उरला होता, तोही पाकळीच्या टोकाला आलेला.

"माझ्या बाबांची बोटं पहिल्यासारखी होऊ देत," वेणू धापा टाकत म्हणाली.

"बरं," परी म्हणाली. तिने आपली केशरी पगडी नीट केली. थेंब फुटला, त्यातून सोनेरी, गुलाबी, निळसर उजेड सांडला, सगळी शेवंती उजळून निघाली. उजेड ओसरला तेव्हा फूल रिकामं होतं.

घरात सखोबाचा हात कारागिराच्या सवयीने डोक्याकडे गेला होता. कापडाचा एक पीळ वाकडा बसला होता. तो सारखा करायला त्याने पिळाखाली बोट घातलं, आणि बोट वाकलं. मग दुसरं वाकलं. सखोबा आपल्या हातांकडे बघतच राहिला, आणि दारात उभ्या वेणूला जवळ घेऊन रडला. पीळ सारखा करायचं राहूनच गेलं.

जांभळी पगडी वेळेवर गेली. भाऊसाहेब खूश झाले, उरलेलं रेशीम त्यांनी वेणूला दिलं आणि त्याचा सळसळता परकर झाला. दुकानाला कुलूप लागलं नाही. भिंतीवरच्या खिळ्याला सखोबाच्या मापाचा एक दोरा वाढला. तिथे येणारी गिऱ्हाइकं अजून म्हणतात, "सखोबा, तुम्ही एवढे कारागीर, आणि तुमचीच पगडी वाकडी? सारखी करून घ्या की."

सखोबा मान हलवतो. म्हणतो, "छे, बांधणारी रागावेल."