आईच्या लुगड्याचं पुस्तक

नकाशे काढणारेही जिथे पोचता पोचता दमले आणि अर्ध्या वाटेतून परतले, अशा एका रानाच्या कडेला बकुळा राहायची. वय अवघं नऊ वर्षं, पण घरात कर्तं माणूस म्हणाल तर तीच. तिची आई हाताने पुस्तकं बांधायची. पानं शिवायची, पुठ्ठा लावायची आणि वर कापड चढवायची. त्या कापडाला ती पुस्तकाचा अंगरखा म्हणायची. मागच्या हिवाळ्यात आई तापाने गेली. बाबा तर त्याआधीच गेले होते. उरल्या दोघी, बकुळा आणि तिची इवलीशी बहीण जाई.

आणि आता जाईनेही अंथरूण धरलं होतं. खाणं नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून नुसती पडलेली. वैद्यबुवांनी तिची नाडी पाहिली आणि बकुळाला दारापाशी नेऊन म्हणाले, "पोरी, हिला रोग नाही गं. हिने आईचा ध्यास घेतलाय. स्वतःहून काही खायला मागितलं, तर जगेल. नाहीतर माझ्या बटव्यात औषध नाही."

आईच्या गोष्टी ऐकताना जाई कशी खुदुखुदु हसायची! पण बकुळा गोष्ट सांगायला बसली की पहिल्याच वाक्याला तिला आईच आठवायची आणि पुढचं काही सुचायचंच नाही. शेवटी ती घरामागच्या पडक्या बागेत गेली आणि कोरांटीच्या झुडपाशी बसून हमसून हमसून रडली.

तोच एका पिवळ्याधमक फुलातून परी बाहेर आली. केवढी? अंगठ्याएवढी! रिठ्याच्या फेसावर रंग नाचतात ना, तसे तिचे चिमुकले पंख.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "तू कोरी पानं बांध आणि त्यांना कुणाचाही अंगरखा घाल. ज्याच्या अंगावरचा तो असेल, त्याच्या मनातल्या गोष्टी पानांवर आपोआप उमटतील. पण माझे नियम आहेत हं! पुस्तकं तीनच, चौथं नाही. आणि ज्याचा अंगरखा घेशील, तो तुझ्या आठवणीतून कायमचा पुसला जाईल."

बकुळा धावतच घरी आली. आईचं एकच लुगडं उरलं होतं, डाळिंबी रंगाचं. पण त्याला हात लावायची तिची छाती होईना. मग तिने बागेत गळलेली मोरपिसं वेचली. निळं, हिरवं, सोनेरी, असं लखलखीत पुस्तक झालं म्हणता! उघडलं तर काय, पानोपानी एकच: 'मी किती देखणा! माझा तुरा बघा! माझी मान बघा!' भारीच शिष्ट निघाला तो मोर. जाईने पापणीसुद्धा हलवली नाही. बाहेर मोर ओरडला, तेव्हा बकुळा दचकून म्हणाली, "अगं बाई, हा कुठला पक्षी?"

दुसऱ्या पुस्तकाला तिने सापाची कात चढवली. चंदेरी, झुळझुळीत, पाहत राहावी अशी. आत मात्र नुसता बिळातला काळोख आणि वाट पाहणं. दोन ओळी ऐकल्या आणि जाईने पांघरुणात डोकं खुपसलं. तिचा श्वास आता अगदी बारीक झाला होता.

बकुळाने लुगडं मांडीवर घेतलं. जाई गेली तर ती एकटी उरणार, आणि जाईला वाचवायचं तर आईला विसरायचं! देवा, नऊ वर्षांच्या पोरीने करावं तरी काय? तिने लुगड्यात तोंड लपवलं. आईचं गाणं, आईची वेणीफणी, पाऊल मुरगळलं तेव्हा आईने पाठुंगळी घेतलं होतं ते, सगळं एकदा आठवून घेतलं.

"आई, रागावू नकोस गं," ती म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

चिकटवायला पिठाची खळ लावली, कापड चढवलं, पुस्तक पाट्याखाली दाबून ठेवलं. दुपारी ते बाहेर काढलं, तेव्हा तिला कळेना, आपले डोळे एवढे सुजलेत कशाने?

ती जाईजवळ बसून वाचू लागली. मुंगीच्या लग्नात गुळाचा खडा कुणी पळवला, याची गोष्ट होती. जाई वळली. हसली! आणि बारीक आवाजात म्हणाली, "ताई, मला पेज दे ना. गुळाचा खडा घालून."

जाई वाटीभर पेज प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "आई अगदी अशीच सांगायची, नाही?"

"कोण गं आई?" बकुळाने विचारलं.

जाई तिच्याकडे बघतच राहिली आणि मग तिने भोकाड पसरलं. बकुळालाही रडू फुटलं. कशासाठी रडतोय, तेच तिला समजत नव्हतं, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.

खिडकीत उजेड चमकला. परी अलगद पुस्तकावर उतरली. "बकुळे, पुठ्ठ्याच्या आतला कोरा कागद जरा उचल बघू."

खळ अजून ओलसर होती. कागद सुटला. खाली डाळिंबी लुगड्याची बोटभर पट्टी होती. पुस्तक बांधताना कापड काठावरून आत दुमडतात आणि वर कागद चिकटवून झाकतात. हात आखडणारे तिथे नखभरच दुमडतात, कोण बघायला येतंय? घरातलं शेवटचं कापड होतं, तरी बकुळाने चारी बाजूंनी चांगलं बोटभर दुमडलं होतं.

"बाहेर दिसतो तो अंगरखा. तो नियमात गेला, तो मलाही परत देता येत नाही," परी म्हणाली. "पण कुणाला दिसणार नव्हतं, तिथेही तू हात राखला नाहीस. हे आतलं तुझंच आहे, राणी."

परीचे पंख झळाळले. सोनेरी, गुलाबी उजेडाने झोपडी भरून गेली, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

बकुळाने पट्टीवर बोट टेकवलं. आणि तिला एक बाई दिसली. बाईने खळीने माखलेलं बोट बकुळाच्या नाकाला लावलं आणि ती खो खो हसत सुटली. बस्स, एवढंच. पुढचं मागचं काही नाही.

"आई," बकुळा म्हणाली. तिने जाईला कुशीत ओढलं. "मला एवढीशीच आठवते गं. बाकीची तू सांग."